पिकअप ट्रकचा एक्झॉस्ट बदलताना: अमेरिकेतल्या नवख्या मालकांसाठी

अमेरिकेत आल्यावर आधी कॅम्री किंवा अकॉर्ड आणि मुलं झाली की मिनीव्हॅन, हा आपल्या लोकांचा ठरलेला क्रम. तो मोडून पिकअप घेणारे मराठी लोक आता टेक्सासात तरी बऱ्यापैकी दिसतात. ट्रक घेऊन थोडे महिने झाले की त्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "आवाज जरा भारदस्त करता येईल का? आणि त्याने इंजिनाची ताकदही वाढते म्हणे?" पहिल्याचं उत्तर हो, एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारी नळ्यांची साखळी, बदलून. दुसऱ्याचं उत्तर पहिल्या मुद्द्यात देतो.

उदाहरणं फोर्ड एफ-१५० ची आहेत, त्यातही ५.० लिटर व्ही-८ ची, कारण माझ्या दारात तोच उभा आहे. सिल्व्हरॅडो, रॅम, टंड्रा यांना तत्त्व तेच लागू. जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

१. ताकदीसाठी करायचंय की आवाजासाठी, हे आधी ठरवा

एक्झॉस्ट किटच्या खोक्यावर दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढल्याचा दावा असतो. तो खोटाच असतो असं नाही. पण तो आकडा डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, इंजिन जवळपास कमाल फेऱ्यांवर फिरताना मिळालेला असतो. २०२१ पासूनचं ५.० व्ही-८ कंपनीतूनच ४०० हॉर्सपॉवर देतं. ऑफिसला जाताना रॅम्पवरून हायवेला लागताना त्यात दहाची भर पडली तर ती तुमच्या पाठीला कळणार नाही. जळलेल्या गॅसच्या वाटेतली खरी अडचण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा डबा) आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारी नळी) यांच्यापाशी असते, आणि तिथे हात लावायला कायद्याने जवळजवळ बंदी आहे. मागचा पाइप मोठा करून पुढची वाट रुंद होत नाही.

"इंजिनाला बॅक प्रेशर (धुराला अडवणारा उलटा दाब) लागतंच" हे वाक्य पार्किंगमध्ये भेटणारा प्रत्येक जाणकार ऐकवतो. इंजिनाला अडथळा नको असतो, गॅसचा वेग हवा असतो. एका सिलिंडरमधून गॅसचा झोत वेगाने निघून गेला की त्याच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती पुढच्या झोताला ओढून घेते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की वेग पडतो, आणि खालच्या फेऱ्यांवरचा जोर, म्हणजे ट्रेलर ओढताना लागणारा, उलट कमी होऊ शकतो. या इंजिनाला तीन इंचांचा एकच पाइप पुरतो. चार इंची पाइप पेट्रोल ट्रकवर दिसला तर तो दिखाऊपणा समजा.

टर्बो इंजिनाला, म्हणजे २.७ किंवा ३.५ इकोबूस्टला, मोकळ्या एक्झॉस्टचा फायदा थोडा जास्त होतो. पण टर्बोतलं टर्बाइन, म्हणजे धुराने फिरणारं चक्र, आवाज खाऊन टाकतं. व्ही-६ इकोबूस्टमधून व्ही-८ ची गडगड कुठलाही मफलर (सायलेन्सर) काढून देणार नाही, त्यामुळे यूट्यूबवर व्ही-८ ऐकून इकोबूस्टसाठी किट मागवू नका.

थोडक्यात, पैसे आवाजासाठी घालताय हे बायकोला आणि स्वतःला आधीच सांगून टाका.

२. ट्रकखाली काय काय आहे ते एकदा बघून घ्या

टॉर्च घेऊन पुढून मागे या. इंजिनाला चिकटून मॅनिफोल्ड, त्यानंतर दोन्ही बाजूंचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (यापुढे नुसतं 'कॅट'). कॅटच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर असतात. मग पाइप एकत्र येतात, वाटेत रेझोनेटर (आवाजातले नकोसे सूर कमी करणारा डबा) आणि मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर. मग मागच्या अ‍ॅक्सलवरून वळसा घालून टेलपाइप आणि शेवटी टिप, म्हणजे बाहेर दिसणारं टोक.

किट तीन प्रकारची मिळतात. अ‍ॅक्सल-बॅकमध्ये फक्त मागचा तुकडा बदलतो. कॅट-बॅकमध्ये कॅटच्या मागचं सगळं बदलतं. नवख्यांनी हेच घ्यावं: सेन्सरला धक्का लागत नाही, कॅट जागच्या जागी राहतात, वेल्डिंगही बहुधा लागत नाही. तिसरा प्रकार हेडरचा, म्हणजे मॅनिफोल्ड काढून लांब नळ्या बसवणं. ताकद तिथे खरी मिळते, पण त्यात कॅटची जागा हलू शकते, आणि ते काम पहिल्या खेपेचं नव्हे.

याखेरीज स्वस्तातला मार्ग म्हणजे मफलरच्या दुकानात जाऊन फक्त मफलर कापून दुसरा वेल्ड करून घेणं. कॅट-बॅक किटला साधारण सहाशे डॉलरपासून पुढे पडतात, मफलर बदलणं त्याच्या थोड्याच हिश्शात होतं. आवाज आवडेल की नाही याची खात्री नसेल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही.

३. कायदा: हा भाग गाळून पुढे जाऊ नका

केंद्र सरकारचा क्लीन एअर अ‍ॅक्ट सांगतो की प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढायची किंवा निकामी करायची नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर ही बंदी गॅरेजवाल्यापुरती राहिलेली नाही, ती मालकालाही आहे. म्हणून "कॅट काढून टाकू, आवाज मस्त येतो" असं कोणी म्हणालं की नमस्कार करून निघा. डिझेल ट्रक असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) 'डिलीट' करण्याचा सल्ला मिळेल. तोही बेकायदा आहे. दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली असा पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०२० चा अंदाज होता. त्यानंतर असे भाग विकणाऱ्यांवर मोठमोठे दंड बसले. सगळे करतात म्हणून ते चालतं असं समजू नका.

आवाजाचे नियम राज्यागणिक बदलतात.

टेक्सासात मफलर चालू स्थितीत असावा लागतो, कटआउट किंवा बायपास, म्हणजे मफलर टाळून धूर सोडणारी वाट, चालत नाही. १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, पण डॅलस, हॅरिस, ट्रॅव्हिस अशा मोठ्या काउंट्यांत प्रदूषण चाचणी अजून आहे. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर तिथेच अडकाल.

कॅलिफोर्नियात जास्त सांभाळून राहावं लागतं. ६,००० पौंडांखालच्या गाड्यांना ९५ डेसिबलची मर्यादा आहे. हे वजन म्हणजे गाडीचं रिकामं वजन नव्हे, भारासह परवानगी असलेलं कमाल वजन. ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. मोठ्या पिकअपचं ते बहुधा ६,००० च्या वर जातं, म्हणून ९५ हा आकडा ऐकून परस्पर खूश होऊ नका, आपल्या वर्गाचा नियम बघा. शिवाय कॅटला किंवा त्याच्या पुढच्या भागाला स्पर्श करणाऱ्या किटवर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक असावा लागतो. न्यूयॉर्कने २०२१ च्या कायद्याने बेकायदा गोंगाटाचा दंड १,००० डॉलरपर्यंत नेला.

आणि एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना! कायद्यातून सुटाल, शेजारच्या आजीबाईंच्या ईमेलमधून सुटणार नाही. थंड इंजिन सुरू झाल्यावर कॅट लवकर तापावा म्हणून काही वेळ मुद्दाम वाढीव फेऱ्यांवर चालतं. सकाळी सहाला फोनवरून रिमोट स्टार्ट करण्याची सवय असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

वॉरंटीबद्दल डीलरकडे वेगळंच ऐकायला मिळतं: "बाहेरचं काही लावलंत की वॉरंटी गेली." १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे ते इतकं सरसकट नाही. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवल्याशिवाय वॉरंटी नाकारता येत नाही. कॅटवर तर केंद्राच्या नियमाने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते, ती कॅट-बॅक लावल्याने आपोआप उडत नाही. ट्रक लीजवर असेल तर मात्र करार वाचा. तो परत देताना मूळ एक्झॉस्ट लागेल.

पुण्यात भावाकडे थार आहे, त्यालाही असंच करून देऊ, असा विचार कोणाच्या मनात असेल तर थांबा. तिकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

४. ट्रकची नेमकी माहिती लिहून काढा

सगळ्यात जास्त किट परत जातात ती इथे. 'एफ-१५०, २०२१' एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. एकाच वर्षाच्या ट्रकमध्ये केबिन आणि बेड (मागचा उघडा हौदा) यांच्या जोड्या वेगळ्या, आणि त्याप्रमाणे व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) वेगळा. चार दारांच्या सुपरक्रूला साडेपाच फुटी बेड असेल तर व्हीलबेस साधारण १४५ इंच, साडेसहा फुटी असेल तर १५७. पाइप बारा इंच लहान पडला तर कोणताही क्लॅम्प (पाइप जोडणारा पट्टा) मदतीला येत नाही.

एका कागदावर हे लिहा:

- व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि मॉडेलचं वर्ष
- इंजिन (५.० की ३.५, अंदाजाने नको)
- केबिनचा प्रकार, बेडची लांबी, व्हीलबेस
- टू किंवा फोर व्हील ड्राइव्ह
- मूळ एक्झॉस्ट एका बाजूने निघतो की दोन
- ट्रेलर हिच आहे का, सुटं चाक बेडखाली आहे का

शेवटचा मुद्दा दोन बाजूंनी निघणारं किट घेणाऱ्यांसाठी. काही किटमध्ये पाइप सुट्या चाकाच्या अगदी जवळून जातो, आणि मोठे टायर लावले असतील तर तेवढ्याच मापाचं सुटं चाक तिथे मावत नाही.

५. मफलर निवडा, आणि 'ड्रोन'ला घाबरा

पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारी डरकाळी फारतर दहा सेकंद ऐकाल. तासन्‌तास ऐकाल तो आवाज ७० मैलांच्या वेगाला, क्रूझ लावून, मागे मुलं झोपलेली असतानाचा. त्या वेळी केबिनमध्ये भरून राहणारा, कानापेक्षा छातीत जाणवणारा घुमणारा सूर म्हणजे ड्रोन. किट विकून टाकणाऱ्यांच्या जाहिराती वाचा, निम्म्यांचं कारण हेच निघेल.

व्ही-८ च्या दर फेरीला चार सिलिंडर पेटतात. १,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्‌झचा सूर. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरालाच घुमते. केबिनचंही तसंच, तिला तिचे सूर असतात. दोन्ही जुळले की ड्रोन. त्यात नव्या ट्रकमध्ये भर पडते ती सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवणाऱ्या यंत्रणेची. सिल्व्हरॅडोचं ५.३, रॅमचं हेमी, आणि २०२१ पासून एफ-१५० चं ५.० सुद्धा, हलक्या पायाने चालवताना चार सिलिंडरवर जातं. तेव्हा सूर निम्म्यावर येतो: १,५०० आरपीएमला ५० हर्ट्‌झ. तो अडवणं फार अवघड. म्हणून किट घेताना "सिलिंडर डीअ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ड्रोन किती?" हा प्रश्न विचाराच. विकणारा चाचरला तर दुसरीकडे बघा.

मफलर आतून दोन तऱ्हांचे. चेंबरवाला, उदाहरणार्थ फ्लोमास्टरची ४० सिरीज: आत पत्र्याचे कप्पे, त्यांवर आदळून आवाज परततो. जुन्या अमेरिकन मसल कारचा खडबडीत, खरखरीत आवाज याचा, आणि ड्रोनची शक्यताही याचीच जास्त. दुसरा सरळ आरपार, मॅग्नाफ्लो आणि बोर्ला बनवतात तसा: मधून भोकं पाडलेली नळी, भोवती आवाज शोषणारं भरण. गॅसला अडथळा कमी, आवाज खोल आणि गोल. कोर्साच्या पद्धतीत ध्वनिलहर परत फिरवून ड्रोनचा सूर मारतात. काही किटमध्ये मुख्य पाइपला एक बंद तोंडाची फांदी जोडलेली असते. तिची लांबी त्रासदायक सुराच्या तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढी ठेवतात, म्हणजे आत गेलेली लहर उलटी होऊन परत येते आणि मूळ लहरीला छेद देते. १२० हर्ट्‌झसाठी ही फांदी मीटरभराच्या आतबाहेर भरते.

माझं मत: सहकुटुंब वापराच्या ट्रकला कंपनीच्या यादीतला मधला आवाज घ्या. बोर्लात त्यांच्या 'टूरिंग', 'एस-टाइप', 'अ‍ॅटॅक' अशा चढत्या पायऱ्या आहेत, त्यातली पहिली किंवा दुसरी. तिसरी तरुण, एकट्या आणि शेजारी नसलेल्या माणसांसाठी.

फोनवरच्या व्हिडिओवर निर्णय घेऊ नका. फोनचा माइक जाड सूर पकडत नाही आणि मोठा आवाज दाबतो. तुमच्यासारखाच ट्रक, तेच किट असलेला माणूस गाठा. शनिवारी सकाळी कार्स अँड कॉफीला, म्हणजे गाडीवेड्यांच्या मेळाव्याला, असे लोक भेटतात आणि बोलायला उत्सुक असतात. त्याच्याबरोबर हायवेवर, काचा बंद करून, एक चक्कर मारा. मागच्या सीटवर बसून!

६. धातू

टेक्सास, अ‍ॅरिझोना असेल तर ४०९ स्टेनलेस पुरे. त्यावर तांबूस गंजाचा थर येतो, पण पाइप वर्षानुवर्षं टिकतो. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तिथे, ३०४ स्टेनलेसला जास्तीचे पैसे द्या. अ‍ॅल्युमिनाइज्ड पोलाद सगळ्यात स्वस्त, पण मिठाच्या प्रदेशात घेऊ नका.

७. साहित्य आणि कागद

दुकानात दिलं तर दोन-तीन तासांचं काम. घरी करणार असाल तर एक शनिवार आणि एक मित्र मोकळा ठेवा. मफलर डोक्यावर धरायला दुसरे हात लागतातच.

साहित्य: चांगल्या वजनाचे जॅक स्टँड किंवा रॅम्प, चाकांना लावायचे ठोकळे, सॉकेट सेट, टॉर्क रेंच, गंज सोडवणारं तेल (पीबी ब्लास्टर किंवा तत्सम), हँगर (पाइप टांगायचे रबरी तुकडे) काढायची पक्कड, साबणाचं पाणी, रेसिप्रोकेटिंग सॉ (मागेपुढे चालणारी विजेची करवत), गॉगल, हातमोजे.

कागद: किटचं बिल, त्याचं वॉरंटी कार्ड, लागू असेल तिथे एक्झिक्युटिव्ह ऑर्डरचा कागद (त्याची प्रत ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवा), आणि काम सुरू करण्याआधी मूळ एक्झॉस्टचे फोटो. विमा कंपनीलाही कळवा. अपघातात महागडं किट गेलं आणि ते पॉलिसीत नोंदवलेलंच नसलं, तर भरपाई मूळ भागाची मिळू शकते.

८. जुना काढा

आदल्या रात्री बोल्टवर गंजाचं तेल मारून ठेवा. काम सकाळी, ट्रक पूर्ण थंड असताना. कॅट चालताना कित्येक शे अंश सेल्सिअसला जातो आणि तासाभरानेही चटका देतो.

सपाट जमीन, हँडब्रेक, ठोकळे, मग स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रकखाली जायचं नाही, "दोनच मिनिटं" असली तरी नाही.

सुटं चाक आधी उतरवा, जागा होते. मग मफलरखाली आधार द्या, पुढचा क्लॅम्प सैल करा आणि मागून पुढे येत रबरी हँगरमधून दांड्या सोडवा. रबराला साबणाचं पाणी लावलं की त्या सरकतात. हँगर कापू नका, नवं किट बहुधा त्यांच्यावरच टांगायचं असतं.

आता प्रश्न येतो अ‍ॅक्सलवरून गेलेल्या पाइपचा. तो अख्खा बाहेर निघायला ट्रक बराच उंच लागतो, म्हणून घरी करणारे बहुतेक लोक करवतीने दोन तुकडे करतात. कापण्याआधी विचार करा: लीज आहे का, पुढे ट्रक विकताना मूळ आवाज मागणारा भेटू शकतो का? तसं असेल तर लिफ्ट असलेल्या दुकानातून अख्खा काढून घ्या. कापायचंच ठरलं तर किटच्या सूचनेत दिलेली खूण दोनदा मोजा, आणि ब्रेकच्या नळ्या, वायरी, पेट्रोलची टाकी यांपासून करवत लांब ठेवा.

९. नवा बसवा

सगळे तुकडे आधी सैल जोडायचे. पुढून मागे या, क्लॅम्प हातानेच आवळा, दांड्या हँगरमध्ये घाला, आणि मग बाहेर येऊन मागून बघा: टिप सरळ आहे का, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का. पहिलाच क्लॅम्प घट्ट केलात तर शेवटी टिप तिरकी येते आणि सगळं पुन्हा सोडावं लागतं.

आजूबाजूच्या प्रत्येक गोष्टीपासून किमान इंचभर जागा ठेवा. धातू तापला की वाढतो: तीन मीटर ३०४ स्टेनलेस तीनशे अंशांनी तापला तर जवळपास दीड सेंटीमीटर लांबतो. थंडीत न लागणारा पाइप हायवेवर फ्रेमला ठोके देतो तो यामुळे.

मग पुढून मागे, टॉर्क रेंचने, सूचनेतल्या आकड्यापर्यंत. जास्त आवळलेला क्लॅम्प पाइप चेपतो आणि गळती तिथूनच सुरू होते. सांध्यांना साधं सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतात. चकचकीत टिपवरचे बोटांचे ठसे अल्कोहोलने पुसा, नाहीतर तापल्यावर ते कायमचे भाजले जातात.

पाइपचं तोंड केबिनच्या मागे, बाहेरच्या बाजूला निघालं पाहिजे. बेडखालीच सोडून दिलेला पाइप दिसायला साधा, पण धूर केबिनमध्ये येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१०. पहिली सुरुवात

ट्रक गॅरेजबाहेर काढूनच इंजिन जरा वेळ चालू ठेवा. इथल्या घरांना गॅरेज चिकटूनच असतं, धूर आत शिरतो. पहिली काही मिनिटं नव्या पाइपमधून थोडा धूर येईल, कारखान्यातलं तेल जळतं ते. घाबरू नका.

गळती ऐकू येते: थंड इंजिनावर, सांध्यापाशी, घड्याळासारखी बारीक टिकटिक. साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघा. टिकटिक मॅनिफोल्डजवळून येत असेल तर ती तुमच्या किटची नव्हे, ती वेगळी दुखापत आहे. चेक इंजिनचा दिवा लागला तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून कोड वाचा. पी०४२० आला तर तो कॅटच्या कार्यक्षमतेचा कोड आहे, मागच्या सेन्सरजवळ कुठे गळती नाही ना ते आधी तपासा, लगेच नवा कॅट विकत घेऊ नका.

पन्नास ते शंभर मैलांनी, ट्रक थंड झाल्यावर, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा रेंचने तपासा. भरणवाल्या मफलरचा आवाज सुरुवातीच्या काही शे मैलांत थोडा मोकळा होतो, त्यामुळे "फारच शांत वाटतोय" म्हणून पहिल्याच आठवड्यात रेझोनेटर कापायला जाऊ नका. जुना एक्झॉस्ट अख्खा काढला असेल तर हँगर आणि क्लॅम्पसकट गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवा, आणि त्यावर व्हीलबेसचा आकडा खडूने लिहा.